भाषांचे मोजणीदार : सर जॉर्ज ग्रियर्सन

बी. ए.च्या भाषाशास्त्राच्या पेपरात सर जॉर्ज ग्रियर्सन भेटतात ते बहुधा टिपेपुरते. आधुनिक आर्यभाषांचे त्यांनी केलेले अंतर्वर्तुळ आणि बहिर्वर्तुळ असे वर्गीकरण, त्यात हिंदी आत, मराठी बाहेर, डॉ. सुनीतिकुमार चटर्जी यांनी १९२६ साली त्यावर घेतलेले आक्षेप, संपली टीप. विद्यार्थी ती पाठ करतो, गुण मिळवतो आणि साहेबांना विसरतो. ज्या माणसाने शेकडो बोलींचे नमुने गोळा केले, त्याचे नाव त्याच्या सर्वांत कमकुवत सिद्धान्तासाठी लक्षात राहावे, ही गोष्ट मला नेहमीच थोडी अन्यायाची वाटत आली आहे. शिवाय आपण वऱ्हाडातली माणसे. अकोला-अमरावतीच्या मुलखात कोणकोणत्या भाषा नांदतात आणि त्यांचे एकमेकींशी नाते काय, याचा एका धोरणाने केलेला हिशेब याच माणसाच्या कचेरीत तयार झाला. तेव्हा टिपेबाहेरचे ग्रियर्सन थोडे पाहावेत, म्हणून हा लेख.

ग्रियर्सन जन्माने आयरिश. ७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिनजवळच्या ग्लेनगिअरी या गावी त्यांचा जन्म झाला. घराणे मुद्रकांचे. जन्माचे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण त्याच साली आयर्लंडच्या जनगणनेत माणसाला त्याच्या भाषेविषयी प्रथमच प्रश्न विचारला गेला. बटाट्याचा मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. आयरिश बोलणारी खेडीच्या खेडी उपासमारीने आणि देशांतराने ओस पडली होती, आणि मागे राहिलेल्यांच्या पोरांना इंग्रजी येणे ही भाकरीची अट होऊन बसली होती. ग्रियर्सनांचे घर सुखवस्तू आणि इंग्रजी बोलणारे. या दुःखाची झळ त्यांना लागली असेल असे म्हणवत नाही. तरी एखादी भाषा मागे सरू लागते म्हणजे काय होते, हे त्या देशात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर आल्यावाचून राहिले नसेल.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकायला गेले. तिथे रॉबर्ट ॲटकिन्सन नावाचे भाषापंडित प्राध्यापक होते. त्यांच्याकडे ग्रियर्सन संस्कृत शिकले, हिंदुस्थानीही शिकले, आणि गणित मागे पडले. मला वाटते, ते पुरते कधीच मागे पडले नाही. पुढे भाषांचे जे काम त्यांनी केले त्यात रकाने, याद्या, क्रमांक आणि नकाशे यांचे प्रेम जागोजाग दिसते. १८७१ साली ते सनदी नोकरीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८७३ साली बंगाल इलाख्यात दाखल झाले. बिहार तेव्हा बंगालातच मोडत असे.

रंगपूर, मधुबनी, गया, पाटणा अशी त्यांची नोकरी झाली. कचेरीत बसून फिर्यादी ऐकताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. सरकारी कागदावर रयतेची भाषा हिंदी किंवा हिंदुस्थानी म्हणून लिहिलेली. पण समोर उभा असलेला शेतकरी बोलतो ते काही वेगळेच. त्या बोलण्याला व्याकरण आहे, गाणी आहेत. मिथिलेत तर विद्यापतीसारखा मोठा कवी आहे. मग ते गावंढळ हिंदी कसे? ग्रियर्सन कामाला लागले. १८७८ साली त्यांनी माणिकचंद्राचे लोकगीत प्रसिद्ध केले. मैथिलीचे व्याकरण आणि वेचे, कैथी लिपीचे पुस्तक, बिहारच्या बोलींची सात व्याकरणे अशी कामे पुढच्या दहा वर्षांत हातावेगळी झाली. ही सगळी दिवसाची नोकरी सांभाळून.

त्या काळातला त्यांचा मला सर्वांत आवडणारा ग्रंथ १८८५ सालचा. बिहारच्या शेतकऱ्याच्या संसाराची ती शब्दयादी आहे. नांगराचे भाग, गाडीचे भाग, घाणा, चूल, जाते, बैलांचे रंग, जमिनीचे प्रकार, लग्नातले विधी. एकेका वस्तूला कोणत्या जिल्ह्यात काय म्हणतात ते त्यात टिपलेले आहे. आपल्याकडे तसा ग्रंथ त्याच वेळी झाला असता तर काय बहार आली असती! वखर, डवरा, तिफन, धुरा, पऱ्हाटी, बंडी हे शब्द त्यात आले असते. आणि त्यातल्या एका 'बंडी'पाशीच भाषाशास्त्र्याला थांबावे लागले असते. पुण्याकडचा माणूस बैलगाडी म्हणतो, वऱ्हाडातला बंडी म्हणतो आणि तेलुगू माणूसही गाडीला बंडीच म्हणतो. शब्द कुणाच्या गाडीतून कुठे उतरेल याचा नेम नसतो.

१८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबई सरकारच्या वतीने आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे गेले होते. त्याआधी नऊ वर्षे, १८७७ साली, त्यांनी संस्कृतापासून मराठी-हिंदी-गुजरातीपर्यंतचा प्रवास दाखवणारी विल्सन व्याख्याने दिली होती. ग्रियर्सनही त्या परिषदेला होते. हिंदुस्थानातल्या सर्व भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारने करावी, असा ठराव तिथे मंजूर झाला. ठराव विद्वानांचा, पैसा सरकारचा. त्यामुळे मधे बारा वर्षे गेली. त्यातला काही काळ ग्रियर्सन बिहारात सरकारी अफूचे अधिकारी होते. भाषांचा हा भक्त अफूच्या पेट्यांचे हिशेब तपासत बसला होता, हा साम्राज्याचा कारभार! अखेर १८९८ साली भाषा-पाहणीचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली.

पाहणी म्हणजे काय, तर साहेब घोड्यावर बसून गावोगाव हिंडले असे नव्हे. ग्रियर्सनांची नोकरी बंगाल-बिहारातली. वऱ्हाडात त्यांनी कधी नोकरी केली नाही. त्यांनी एक युक्ती केली. प्रत्येक जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे आणि ठिकठिकाणच्या मिशनऱ्यांकडे तीन गोष्टी मागितल्या. पहिली, बायबलातील उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या त्या बोलीत भाषांतर. दुसरी, त्याच बोलीतली एखादी स्थानिक गोष्ट किंवा गाणे. तिसरी, ठराविक २४१ शब्दांची आणि वाक्यांची यादी. उधळ्या मुलाचीच गोष्ट का, याचे उत्तर धर्मात नाही, व्याकरणात आहे. एक बाप, दोन मुलगे, घर सोडून जाणे, परत येणे, थोरल्याचे रुसणे. एवढ्यात मी-तू-तो हे तिन्ही पुरुष येतात, बहुतेक विभक्ती येतात, वर्तमान, भूत आणि भविष्य हे तिन्ही काळ येतात. इथल्या वाचकाच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात थोडा शाब्दिक फेरफारही केला होता. सगळ्या देशाला एकच धडा वाचायला लावायचा आणि कान देऊन ऐकायचे, असा हा प्रकार.

आता वऱ्हाडाकडे येऊ. तेव्हा वऱ्हाडचे जिल्हे सहा होते: अमरावती, एलिचपूर, अकोला, बुलढाणा, बाशीम आणि वणी. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, आणि मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ साली. दोन्ही खंडांचे संपादन ग्रियर्सनांचे सहायक स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडिताने केले. म्हणजे पाहा: आयर्लंडचा एक माणूस आणि नॉर्वेचा दुसरा, आणि दोघांच्या टेबलावर अकोल्या-एलिचपूरकडचे कागद.

त्या कागदांतून काय दिसले ते सांगण्यासाठी मी वर्गात फळ्यावर एक कोष्टक काढतो. तेच इथे शब्दांत मांडतो. मराठीत आपण दोन, तीन, पाच, दहा म्हणतो. यांचे सख्खे नातेवाईक कुठे आहेत? अकोटच्या बाजारात मेळघाटातून उतरलेल्या कोरकू माणसाला विचारा. तो दोनला 'बारी', तीनला 'आपई', चारला 'उफुन', दहाला 'गेल' म्हणेल. आपल्या शब्दांशी काडीचा संबंध नाही. आता हजारो मैल दूर, युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात जा. तिथे सर्बियन माणूस म्हणतो द्वा, त्री, पेत, देसेत. त्याच्या दक्षिणेचा ग्रीक म्हणतो द्यो, त्रिआ, पेन्ते, देका. आमच्या मुलांना हसू फुटते. सातपुड्याच्या पायथ्याचा मराठी माणूस आणि बेलग्रेडचा सर्ब यांचा 'तीन' एकाच घरातला, आणि डोंगरावरच्या शेजाऱ्याचा मात्र वेगळ्या घरातला! कोरकूचे आप्त शोधायला पूर्वेकडे जावे लागते. झारखंडची संताळी तीनला 'पे' आणि चारला 'पोन' म्हणते. कंबोडियाची ख्मेर 'बेई' आणि 'बुओन' म्हणते. व्हिएतनामात 'बा' आणि 'बोन'. म्हणजे धारणीच्या रस्त्याने चालताना आपण एका मोठ्या भाषाकुळाच्या पश्चिम टोकाशी उभे असतो. कोरकूचे मुंडा कूळ संस्कृतोद्भव नाही, द्राविडीही नाही, ही गोष्ट चौथ्या खंडात स्वच्छ मांडलेली आहे.

सर्बियन आणि ग्रीक ही जोडी मी उगाच घेतलेली नाही. दोन भाषांची तुलना म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या जोडीवरून फार चांगले समजते. त्या दोघी एकाच विस्तीर्ण कुळातल्या, पण शाखा निराळ्या. सर्बियन स्लाव्ह शाखेची, ग्रीकची शाखा तिची एकटीची. 'त्री' आणि 'त्रिआ' हे साम्य रक्ताचे. पण हजाराला सर्बियनमध्ये 'हिल्यादा' म्हणतात, तो सरळ ग्रीकमधून उचललेला शब्द आहे. मठ आणि देवाची तसबीर यांचे शब्दही धर्माबरोबर ग्रीकमधून आले. लिपीसुद्धा ग्रीक लिपीवरून घडली. हे साम्य देण्याघेण्याचे. त्यावरून नाते ठरत नाही. आपणही ग्रीकांकडून 'केंद्र' घेतला, त्यांच्या द्राख्मा नाण्यावरून 'दाम' घेतला. तेवढ्याने कोणी मराठीला ग्रीकची लेक म्हणणार नाही. आणि तिसरे साम्य आहे ते फार गमतीचे. मला जायचे आहे, हे सांगताना सर्ब म्हणतो, इच्छितो की मी जातो: 'होचु दा इदेम'. ग्रीकही तसेच म्हणतो: 'थेलो ना पाओ'. 'जाणे' हे क्रियापदाचे मूळ रूप ग्रीकने टाकूनच दिले. सर्बियनने ठेवले, पण पुष्कळदा बाजूला सारले. हा शब्द उसना घेतलेला नाही आणि वारशातही आलेला नाही. शतकानुशतके एका बाजारात, एका छावणीत, एका चर्चच्या अंगणात बोलून बोलून दोघींच्या वाक्यांची चाल एक झाली.

तसेच आपल्याकडे. आपण आणि आम्ही, हा भेद घ्या. समोरच्याला धरून 'आपण', त्याला वगळून 'आम्ही'. संस्कृतात हा भेद नाही. हिंदीचे एकटे 'हम' दोन्ही कामे करते. पण तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा तो आहे, आणि कोरकूतही धरून 'अबुंग' व वगळून 'आले' असा आहे. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांनी शेजारधर्माने एकच भान सांभाळले आहे. येतो म्हणून सांगितले, हे वाक्य तेलुगूत 'वस्तानु अनि चेप्पाडु' असे होते; मधला 'अनि' म्हणजे हुबेहूब आपला 'म्हणून'. आपण जेवण-बिवण म्हणतो, तेलुगू माणूस पुली-गिली म्हणतो. वाघबीघ असा त्याचा अर्थ. मरे एमेनो या पंडिताने १९५६ साली भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असे मांडले ते अशाच पुराव्यांवर. त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा कोलामी भाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. यवतमाळ-वर्ध्याकडची ही द्राविडी भाषा.

ग्रियर्सनांच्या हाती हे शेजारधर्माचे माप नव्हते. त्यांच्यापाशी वंशवृक्ष होता: आई, मुली, नाती. जे वृक्षात बसले नाही ते मिश्रण ठरले. हा त्यांच्या काळाचा दोष. पण वृक्षाच्या मापानेही त्यांनी काही गुंते फार सफाईने सोडवले. बाशीम जिल्ह्यात तेव्हा पुसद तालुका होता. तिथल्या एका बोलीचा कागद भिल्ली म्हणून दाखल झाला. सरकारी रकान्यात भिल्ली, म्हणजे ती गुजरातीच्या जवळची आर्यभाषा असायला हवी. प्रत्यक्ष नमुना तपासला तर ती निघाली द्राविडी, कोलामीच्या अगदी जवळची. नाव एक सांगत होते, आणि बापाच्या दोन मुलांची गोष्ट दुसरेच सांगत होती. ग्रियर्सनांनी अशा वेळी गोष्टीवर विश्वास ठेवला. कारण बोलीचे नाव बोलणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसते, हे त्यांनी बिहारात पाहिले होते. शेजारच्या गावचे लोक कसे चमत्कारिक बोलतात ते माणूस चटकन सांगतो, त्याला नावही ठेवतो. स्वतःचे बोलणे त्याला नुसते बोलणे वाटते.

वऱ्हाडीला मात्र नाव होते. ती मराठीचीच बोली, याबद्दल पाहणीत शंका नाही. वऱ्हाडी आणि नागपुरी यांना एका गटात घेऊन सगळी लक्षणे नोंदलेली आहेत. 'ला'च्या जागी 'ले': त्याले, मले, माणसाले. 'ण'च्या जागी 'न': पानी, कोन. पुष्कळ भागांत 'ळ'चा 'य': डोया, काया. या लक्षणांकडे पाहण्याची दृष्टी तिथे वैद्याची नाही, मोजणीदाराची आहे. चूक की बरोबर, हा प्रश्नच नाही. कुठून कुठपर्यंत, एवढाच प्रश्न.

हे मी जरा जोर देऊन लिहितो, याला कारण आहे. अकोल्याकडच्या माझ्या लहानपणी शाळेत 'पानी' म्हटले की छडी मिळे, आणि घरी 'पाणी' म्हटले की आजी विचारी, पुन्याले कवा गेल्ता बा? दोन्हीकडून मार. वर्गात शुद्ध बोलावे आणि धुऱ्यावर खरे बोलावे, अशी वाटणी आम्ही पोरांनी आपापसात करून घेतली होती. त्याच काळात छापील पानावर वऱ्हाडी येत नव्हती असेही नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली होती. गाडगेबाबांनी तर आयुष्यभर याच बोलीत कीर्तन केले, आणि आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. ग्रियर्सनांची नेमणूक झाली तेव्हा बाबा बावीस वर्षांचे होते, याच मुलखात शेतात राबत होते. पाहणीच्या कारकुनाने त्यांना गाठून उधळ्या मुलाची गोष्ट सांगायला लावली असती, तर सातव्या खंडाची कळा काही वेगळीच झाली असती!

पण कारकून गाठणार कुणाला? पाहणीचे मोठे उणे इथेच आहे. नमुना आला तो तहसिलीतून, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या लेखणीतून. तो आधी इंग्रजी किंवा पुस्तकी मराठी वाचणार, मग मनात वऱ्हाडी करणार, मग शाळेच्या सवयीने एखादा 'न' पुन्हा 'ण' करून टाकणार. बायकांचे बोलणे त्यात कितीसे आले असेल? शिवाय मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचे राज्य पाहणीच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. वऱ्हाडच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की मोजणीची साखळी संपली. मराठवाड्याची मराठी आणि आपली वऱ्हाडी नदीच्या दोन काठांवर कशी मिसळते, हे त्या ग्रंथात नीट सापडत नाही ते यामुळे. आणि रिद्धपूर? आपल्या अमरावती जिल्ह्यातले हे गाव. तेराव्या शतकातले 'लीळाचरित्र', मराठीतला आद्य गद्यग्रंथ, या गावाशी बांधलेले. पण महानुभावांचे ग्रंथ तेव्हा सांकेतिक लिपीच्या कुलपात होते. ते उघडले सातवा खंड निघाल्यानंतर. वऱ्हाडी ही मराठीच्या कडेची बोली, असे वाटून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मराठी गद्याचा आरंभ या कडेलाच झाला आहे. मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपूरला स्थापन झाले, ते योग्यच झाले.

निहालीच्या बाबतीत तर पाहणी चुकली. तिथे तिला नहाली म्हटले आहे. नमुना निमाडातून आला. कोनोंनी ती कोरकूसारखी मुंडा भाषा, वर द्राविडी आणि आर्य थर चढलेली, असा निर्णय दिला. तिचे दोन ते चार हे अंक द्राविडी वळणाचे, पुढचे आर्य, पण एकचा शब्द 'बिडुम', तो कुणाचाच नाही. १९६२ साली कुइपर या डच पंडिताने तिची छाननी केली, तेव्हा सुमारे पाव हिस्सा शब्द असे निघाले की ज्यांना जगात कुठेच नातेवाईक सापडेना. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या आसपास ही भाषा बोलणारी दोन-अडीच हजार माणसे आहेत. या भाषेचे कूळच सापडत नाही. पण हेही खरे की, तिचा तो जुना कागद नसता तर पुढच्यांना चूक दाखवायला तरी काय मिळाले असते?

माझ्या वर्गात धारणी-चिखलदऱ्याकडून आलेली मुले असतात. प्रवेशअर्जावर मातृभाषेचा रकाना असतो. त्यात ती बहुधा मराठी लिहितात. एकदा मी एका मुलाला बाजूला घेऊन विचारले, तर तो म्हणाला की कोरकू लिहिले तर पुढे काही अडचण येईल असे घरच्यांना वाटते. अडचण कसली, ते त्याला सांगता आले नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या वर नोंदले गेले. त्यांत अशी घाबरून मराठी झालेली किती घरे सुटली असतील कोण जाणे. कोरकूची बहीण संताळी २००३ सालच्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली. त्याच दुरुस्तीने मैथिलीही गेली, जिला ग्रियर्सनांच्या वेळचे साहेबलोक गावंढळ हिंदी समजत. कोरकू अजून बाहेरच आहे. त्या मुलाला मी चौथा खंड दाखवला. कोरकूची पाने तो बराच वेळ चाळत होता. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला की हे आमच्याकडे असे म्हणत नाहीत. आणि त्याने बरोबर शब्द सांगितला. मी तो माझ्या वहीत उतरवून घेतला.

ग्रियर्सनांचा उत्तरार्ध इंग्लंडात गेला. पाहणीचे कागद घेऊन ते तिकडे गेले आणि १९०३ साली नोकरीतून मोकळे झाले. सरे परगण्यात कँबर्ली येथे त्यांनी घर केले. त्याला नाव दिले रॅथफार्नम, डब्लिनजवळच्या एका गावाचे. या घरात बसून त्यांनी एकामागून एक खंड बाहेर काढले. पहिला खंड १९०३ साली निघाला, शेवटचा १९२८ साली: ११ खंड, १९ भाग, १७९ भाषा आणि ५४४ बोली. मधेच ग्रामोफोनच्या तबकड्यांवर इथल्या लोकांचे आवाज भरून घेण्याची टूम निघाली, तीही त्यांनी बऱ्याच प्रांतांत तडीस नेली. लल्लेश्वरीची वाक्ये त्यांनी बार्नेट यांच्यासह १९२० साली संपादिली. काश्मिरीचा मोठा कोश १९१६ साली निघू लागला तो १९३२ साली, त्यांच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, पूर्ण झाला. १९१२ साली त्यांना सर हा किताब मिळाला, आणि १९२८ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटिश राज्यातला फार थोड्यांना मिळणारा सन्मान.

त्याच १९२८ साली निघालेला भाग म्हणजे तौलनिक शब्दकोष्टक. १६८ शब्द आणि ते सुमारे ३६८ भाषा-बोलींत. एक शब्द घ्यावा आणि बोट खाली सरकवत न्यावे. तीनचे पान उघडले की ख्मेरच्या आप्तांपासून सुरुवात होते, संताळीशी, कोरकूशी बोट पोचते, मग द्राविडी रांग लागते, आणि पुष्कळ खाली गेल्यावर आपली मराठी आणि तिच्या बोली येतात. मोठ्या अक्षरात कोणी नाही, लहान अक्षरात कोणी नाही. सगळ्यांना सारखीच जागा. हे कोष्टक निघाले तेव्हा ग्रियर्सन सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षे ते जगले. भारत सोडल्याला चाळीसहून अधिक वर्षे झाल्यावर, दुसरे महायुद्ध चालू असताना, ९ मार्च १९४१ रोजी कँबर्लीच्या त्याच घरी त्यांचा अंत झाला.